हम्बोल्ट रेडवुड्समध्ये आईला घेऊन तंबूत राहावं का?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

आम्ही सॅन होजेला असतो. जुलैत उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये (रेडवुड नावाच्या प्रचंड उंच झाडांचं जंगल) तीन रात्री तंबू ठोकून राहायचा बेत आहे. मी, नवरा, मुलगी (९), मुलगा (५) आणि सध्या आमच्याकडे आलेली माझी आई. आई ६८ची आहे. गुडघे कुरकुरतात, पण हॉटेलचं नाव काढलं की चिडते. "झाडं बघायला पाच तास गाडीत बसायचं आणि झोपायला परत सिमेंटच्या खोलीत? मग मी घरीच बरी," म्हणाली.

आमच्यातलं कोणीही आजवर तंबूत झोपलेलं नाही. त्यात एका मैत्रिणीने अस्वलांच्या गोष्टी सांगून नवऱ्याला घाबरवून ठेवलंय. आई आणि मुलं मात्र खूश.

साइटवर तीन कॅम्पग्राउंड दिसतात: बर्लिंग्टन, हिडन स्प्रिंग्स आणि अल्बी क्रीक. बर्लिंग्टन आम्हाला हव्या त्या आठवड्यात पूर्ण भरलंय. बाकी दोन्हीकडे सोमवार ते गुरुवार थोड्या जागा आहेत. कुठलं घ्यावं? आईला रात्री बाथरूमला उठावं लागतं, ते कसं जमवायचं? आमच्या मागच्या अंगणातलं झाड पाडलंय, त्या लाकडांचा ढीग पडलाय, तो शेकोटीला नेला तर चालेल ना? आणि अस्वलांचं खरं काय?

---

टेकडीवाला

सरळ सांगू का? आईंना त्रास देऊ नका. फॉर्चुनाला किंवा युरेकाला हॉटेल घ्या, दिवसभर ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्सवर फिरा. ३१-३२ मैलांचा जुना रस्ता आहे, १०१ महामार्गाला जवळजवळ समांतर. गाडी कुठेही बाजूला घ्यायची, उतरायचं, मान वर करायची. तेवढ्यात सगळं दिसतं. तंबूबिंबू मुलं मोठी झाली की.

---

शुभांगीकाकू

टेकडीवाले, ज्या बाईने हॉटेलला नाही म्हटलंय तिला तुम्ही हॉटेल सुचवताय!

निशिगंधा, खुशाल ने आईला. मी आणि हे, निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका स्टेट पार्कात कॅम्प होस्ट म्हणून राहतो. पगार नसतो. आपला ट्रेलर उभा करायला जागा मिळते आणि त्याबदल्यात लाकूड विकायचं, शेकोट्यांच्या जागा साफ करायच्या, रात्री दहानंतर गाणी लावणाऱ्यांना गप्प करायचं. त्यामुळे पहिल्यांदा तंबू ठोकणारी माणसं मी भरपूर पाहते, आणि आज्या कधीच कुरकुर करत नाहीत. कुरकुर करतात ते नवरे. (तुझ्याकडेही लक्षण दिसतंय.)

आधी जागेचं. बर्लिंग्टन मिळालं नाही म्हणून हळहळू नकोस. ते व्हिजिटर सेंटरच्या शेजारी आहे, सोयीचं आहे, बारा महिने उघडं असतं, पण जागा एकमेकींना खेटून आहेत आणि रस्ता अगदी जवळ. तिथली उभी झाडं तोडीनंतर पुन्हा वाढलेली, आणि त्यांच्यामध्ये तोडीतून उरलेले खोलीएवढे बुंधे. मला ते बुंधे फार बोलके वाटतात, पण तो माझा प्रश्न झाला. हिडन स्प्रिंग्स मायर्स फ्लॅटजवळ उतारावर आहे, दीडशेवर जागा, मध्ये झाडीचा आडोसा, खाली नदीला जाणारी पायवाट. अल्बी क्रीक मटोल रोडवर आत पाच मैल, एका जुन्या वस्तीच्या बागेशेजारी. सफरचंदाची झाडं अजून आहेत, समोर कुरण, उजेड जास्त. मला विचारशील तर तिन्हींत अल्बी क्रीक सुंदर. पण सफरचंदं अस्वलांनाही आवडतात. शिवाय दुकान आणि पेट्रोल दोन्ही लांब.

आईचे गुडघे आणि पहिली खेप, दोन्ही धरलं तर हिडन स्प्रिंग्स घे. बुकिंग करताना नकाशा उघड आणि स्वच्छतागृहाच्या अगदी शेजारची नाही, एक-दोन जागा सोडून असलेली निवड. शेजारच्या जागेत रात्रभर दार आपटत राहतं. उतारावरचं कॅम्पग्राउंड आहे, तेव्हा बाथरूमची वाट चढाची आहे का तेही बघ. आईंसाठी जमिनीवरची गादी नको, घडीची उंच खाट घे. जमिनीवरून उठणं हाच गुडघ्यांचा खरा शत्रू, झोपणं नाही. खाटेखालूनही गार लागतं, तेव्हा तिच्यावर जाड सतरंजी टाक. दुपारी नदीकाठी पारा ९० फॅरनहाइटच्या आसपास जातो आणि पहाटे ५०वर येतो. जुलै म्हणून लोक चादरी घेऊन येतात आणि रात्री दोन वाजता गाडीचा हीटर लावून बसतात. डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाला वेगळा. टोपीही.

लाकडं: घरची अजिबात नेऊ नकोस. वाळलेलं दिसलं तरी सालीखाली किडे आणि बुरशी असते, आणि ती लाकडाबरोबर शेकडो मैल जाते. दक्षिण कॅलिफोर्नियातले ओक मारणारा सोनेरी ठिपक्यांचा भुंगा असाच सरपणातून आला असावा असं मानतात. पार्कात पडलेली काटकी उचलायलाही बंदी आहे. तिथल्या होस्टकडून गठ्ठा विकत घे. वणव्याचा धोका वाढला की शेकोटीच बंद होते, तेव्हा स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर धर.

आता अस्वल. कॅलिफोर्नियात फक्त ब्लॅक बेअर उरलंय. रंगाने ते तपकिरीही असतं, म्हणून लोक घाबरतात. राज्याच्या झेंड्यावरचं मोठं अस्वल, ग्रिझली, इथून शंभर वर्षांपूर्वीच संपलं. ब्लॅक बेअरला तुमच्यात काही रस नाही, तुमच्या कूलरमध्ये आहे. जागेवर लोखंडी कपाट असतं, त्यात सगळं ठेवायचं. सगळं म्हणजे खाणंपिणं तर आहेच, पण टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, मुलांच्या खिशातला च्युइंगम, रिकामी भांडीसुद्धा. गाडीत ठेवलं म्हणजे झालं असं नाही. अस्वलाला गाडीचं दार उघडता येतं, आणि नाही उघडलं तर ते वाकवतं. समोर आलंच तर पळायचं नाही, मुलांना जवळ घ्यायचं, हात वर करून मोठ्याने ओरडायचं. नवऱ्याला सांग, एवढंच.

अस्वलापेक्षा मला काळजी वेगळ्याच गोष्टीची असते, आणि तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही: चुरा. बिस्किटाचा, ब्रेडचा, चिप्सचा.

या जंगलात मर्लेट नावाचा समुद्रपक्षी अंडं घालतो. पोट भरतो समुद्रात मासे पकडून, आणि अंड्यासाठी मैलोन् मैल उडत येऊन जुन्या रेडवुडच्या नाहीतर डग्लस फरच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर बसतो. घरटं बांधत नाही. शेवाळात खळगा आणि त्यात एकच अंडं. हे इतकं लपून चालतं की त्याचं घरटं पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं ते १९७४ साली, दक्षिणेकडच्या बिग बेसिन पार्कात, तेही एका माणसाला कॅम्पग्राउंडवरची फांदी छाटताना जवळजवळ दीडशे फुटांवर पिल्लू दिसलं म्हणून! आता तुम्ही खाली टेबलावर चिप्स सांडता. ते टिपायला स्टेलर्स जे (कावळ्यांच्या कुळातले निळे पक्षी) आणि डोमकावळे येतात. खाणं मिळतंय म्हटल्यावर तिथेच राहतात, त्यांची संख्या वाढते, आणि मग वर फांदीवरचं ते एकुलतं अंडंही त्यांना सापडतं.

तेव्हा टेबलाखाली पडलेलं उचल. मुलांना उचलायला लाव. खारीला "बिचारी" म्हणून शेंगदाणा टाकणारी आजी तर मी लांबूनच ओळखते.

---

टेकडीवाला

काकू, बाकी सगळं मान्य. पण चार चिप्सच्या चुऱ्याने पक्षी संपतोय हे जरा अतीच नाही का? झाडं कापली कोणी? लाकूड कंपन्यांनी. आणि अपराधी वाटून घ्यायचं पाच वर्षांच्या पोराने? प्रत्येक पार्कात हल्ली हेच ऐकवतात. मोठ्यांची पापं धुवायला पर्यटकांना केरसुणी.

---

शुभांगीकाकू

केरसुणी आवडली. आणि अर्धं बरोबर बोललात. मर्लेट कमी झाले ते मुळात तोडीमुळे. वीस लाख एकरांवर हे जुनं जंगल होतं, त्यातलं पाच टक्क्यांच्या आसपास उरलंय. पोराने अपराधी वाटून घ्यावं असं मी म्हणत नाहीच.

पण त्या पाच टक्क्यांतलंही सगळ्यात चांगलं कुठे आहे? पार्कांत. आणि पार्कांत कॅम्पग्राउंड कुठे बांधले? सपाट जागी, ओढ्याकाठी, म्हणजे नेमके मोठ्या झाडांच्या पायाशी. शंभर वर्षांपूर्वी कुणाला मर्लेट ठाऊक होता? म्हणजे पक्ष्याला उरलेली जागा आणि आपली सहलीची जागा एकच. जंगल मोठं असतं तर तुमच्या चुऱ्याने काही झालं नसतं. ते लहान उरलं म्हणून चुरा मोठा झाला.

आणि हे नुसतं ऐकीव नाही. संशोधकांनी कोंबडीची लहान अंडी मर्लेटच्या अंड्यांसारखी रंगवली, त्यांत उलटी करवणारं रसायन भरलं आणि रेडवुडच्या जंगलात ठेवली. जे पक्ष्याने खाल्लं, ओकला, आणि पुढच्या वेळी तसल्या अंड्याला चोच लावेना. ते ऐकून आमचे हे म्हणाले, "आपल्या कॅम्पग्राउंडवर रात्री स्पीकर लावणाऱ्यांसाठी असं काही निघेल का?" असो. माणसं असे उद्योग करतात म्हणजे प्रश्न खरा आहे. झाड मोठं व्हायला पाचशे वर्षं लागतात, टेबल पुसायला एक मिनिट. मला जे जमतं ते मी सांगते.

---

मनमौजी

काकू, मस्त माहिती! माझी दोन पैशांची भर.

१. नदी. साउथ फोर्क ईल उन्हाळ्यात उथळ आणि कोमट होते, मुलं बाहेर यायला मागणार नाहीत. पण जुलै-ऑगस्टमध्ये कडेच्या साचलेल्या पाण्यात निळं-हिरवं विषारी शेवाळ धरतं. या नदीत ते चाटून कुत्रे मेलेत. वाहत्या पाण्यात खेळू द्या, साचलेल्या डबक्यात नको, पाणी गिळू देऊ नका, दगडांवरचे शेवाळाचे पापुद्रे हातात घेऊ देऊ नका. काठावर सूचना लावली असेल तर ती वाचा.

२. कुत्रा असेल तर घरीच ठेवा. कॅम्पग्राउंडमध्ये पट्ट्याने चालतो, पण पायवाटांवर बंदी आहे. मग एक माणूस तीन दिवस कुत्र्यापाशी बसून राहतो. आमच्याकडे तो माणूस मी होतो.

३. पॉयझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की खाज सुटते ते झुडूप. तीन-तीन पानं, कधी चकचकीत, कधी लालसर. हिडन स्प्रिंग्सच्या नदीच्या वाटेवर कडेला भरपूर आहे. मुलांना लांब पँट घाला. त्याचं तेल कपड्यांना लागून राहतं, म्हणून परत आल्यावर कपडे वेगळे धुवा.

---

निशिगंधा

बाप रे, केवढं लिहिलंत! खूप आभार, सगळ्यांचेच. काकू, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "बाई शहाणी आहे," म्हणाली. शेंगदाण्याच्या वाक्यावर मात्र गप्प बसली. आमच्या मागच्या दारी खारी तिच्याच ओळखीच्या आहेत.

हिडन स्प्रिंग्स बुक केलं! ३५ डॉलर रात्रीचे, तीन रात्री. नकाशावर बाथरूमपासून तिसरी जागा मिळाली.

आता दोन प्रश्न. आईला चालायला कुठे नेऊ? आणि चुरा होऊ द्यायचा नाही म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला खायला काय द्यायचं? तो जेवतो कमी, सांडतो जास्त.

---

शुभांगीकाकू

काय द्यायचं हा प्रश्न नाही, कुठे द्यायचं हा आहे. खाणं फक्त टेबलापाशी बसून. हातात घेऊन फिरत खायचं नाही, तंबूत तर मुळीच नाही. टेबलाखाली एक जुनी चादर अंथर, जेवण झालं की चारही टोकं धरून उचल आणि कचऱ्याच्या झाकणाच्या डब्यात झटक. खरकटं पाणी झाडाच्या बुडाशी ओतायचं नाही, त्यासाठी कॅम्पग्राउंडवर जागा असते, होस्टला विचार. मुलीला मुकादम कर. नऊ वर्षांच्या मुली या कामात निर्दय असतात. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ज्युनिअर रेंजरचे कार्यक्रम असतात, तिथे नाव घाल. वेळापत्रक व्हिजिटर सेंटरला मिळेल.

त्या सेंटरमध्ये धाकट्यासाठीही एक वस्तू आहे: १९१७ साली चार्ल्स केलॉग नावाच्या माणसाने रेडवुडच्या एका ओंडक्यात कोरलेलं चाकांवरचं घर. ट्रकवर बसवून तो देशभर फिरला आणि ही झाडं वाचवा म्हणून सांगत राहिला. रेडवुड वाचवायला रेडवुडचंच खोड, हा विरोधाभास तेव्हाही कुणी विचारला असेलच. पण तोवर पडलेल्या झाडाचं खोड होतं म्हणतात.

आईंसाठी फाउंडर्स ग्रोव्ह. अर्ध्या मैलाचा फेरा, सपाट. तिथे डायरव्हिल जायंट नावाचा रेडवुड आडवा पडलाय. १९९१च्या मार्चमध्ये कोसळला. उभा होता तेव्हा ३६० फुटांहून उंच. पडलेल्या झाडाशेजारून चालत जायचं म्हणजे चालणं संपतच नाही, आणि उपटलेल्या मुळांचा पसारा माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जातो. नीट बघ, त्या मानाने मुळं किती उथळ आहेत! ही झाडं खोल जात नाहीत, आडवी पसरतात, शेजाऱ्याच्या मुळांत मुळं गुंतवतात. म्हणून तर पायवाट सोडून बुंध्याशी फोटो काढायला जाऊ नये. पायांनी माती दाबली जाते आणि वरवरच्या मुळांचा श्वास कोंडतो. उभी झाडं उभ्याने बघण्यापेक्षा एका जागी बसून बघितलेली बरी. आईंसाठी घडीची खुर्ची बरोबर ठेव आणि घाई करू नकोस. सकाळी लवकर जा, धुकं असतं आणि दहानंतर बसभर माणसं येतात.

दुसऱ्या दिवशी बुल क्रीकच्या काठी, रॉकफेलर फॉरेस्टमध्ये. सलग असं जुनं रेडवुडचं जंगल जगात एवढं मोठं दुसरीकडे उरलेलं नाही, दहा हजार एकर. जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअरने वीस लाख डॉलर दिले, तेव्हा १९३१ मध्ये लाकूड कंपनीकडून ते विकत घेता आलं. त्याच्याआधी ज्यांनी ओरडा केला त्या हम्बोल्टच्या बायका. १९१९ पासून त्यांची स्वतःची संघटना होती. बायकांच्या क्लबांनी राखलेली एक राई ॲव्हेन्यूवर आहे, तिथे वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गनने काढलेली चार तोंडांची दगडी शेकोटी आहे. आईंना ती नक्की दाखव. मला त्या राईत रॉकफेलरच्या जंगलापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि टेकडीवाले, तुमच्या लाकूड कंपन्यांचा एक पुरावा त्याच बुल क्रीकवर आहे. खालचं जंगल वाचवलं, पण वरचे डोंगर बोडके केले. मग १९५५च्या पुरात वरून माती आणि ओंडके आले आणि वाचवलेली शेकडो मोठी झाडं काठासकट वाहून गेली. पुढे वरचं खोरंही पार्कात घ्यावं लागलं.

---

टेकडीवाला

पुराचं माहीत नव्हतं. वाचतो. (चादरीची युक्ती घरीसुद्धा चालेल, आमचा धाकटाही तसाच आहे.)

निशिगंधा, आता ठरलंच आहे तर पेट्रोल गार्बरव्हिलला भरून घ्या. पुढे फोनला रेंज जेमतेम. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि बुकिंगची पानं छापून न्या. आणि "गाडी झाडातून जाते" अशी पाटी मायर्स फ्लॅटला दिसेल, ते खासगी आहे, वेगळे पैसे पडतात. मुलं हट्ट करणारच.

---

मनमौजी

एक राहिलं. बुल क्रीकवर पलीकडच्या वाटेला जायला लाकडी पूल असतात, ते फक्त उन्हाळ्यापुरते बसवतात आणि पावसाआधी काढतात. जुलैत असायला हवेत, पण व्हिजिटर सेंटरला विचारूनच आईंना तिकडे न्या. पूल नसेल तर दगडांवरून ओलांडावं लागतं, आणि ते गुडघ्यांना नको.